पुढे छडी, मागे मशीन

ही घटना खरी आहे. असं लिहिणारे सगळे हेच म्हणतात हे मला माहीत आहे, आणि माझ्या शब्दाला फार वजन आहे असंही नाही. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे साडू आहेत. त्यांनी आयुष्यात कधी गोष्ट सांगितली नाही. त्यांना सांगताच येत नाही. चहात साखर कमी असली तरी ते सांगत नाहीत, मुकाट पितात. अशा माणसाने एका बैठकीत, माझ्याकडे न बघता, हे सगळं सांगितलं. म्हणून मी ते खरं मानतो.

थंडी सरत आली होती. दुपारी ऊन लागे, झाडांना कोंब फुटत होते, पण पहाटे अजून कडाका असे. जागा गोल्फच्या मैदानाची. क्लबच्या काचेच्या खिडक्यांसमोर जे शेवटचं ग्रीन आहे, तिथे हे घडलं.

ग्रीन म्हणजे चेंडू ज्या छिद्रात घालायचा त्याच्या भोवतीचा गवताचा तुकडा. इतकं बारीक कापलेलं गवत की हात फिरवला तर मखमल वाटावी. साडू तिथे गवत राखायच्या कामावर होते. मैदानाच्या कडेलाच त्यांचं क्वार्टर. दोन खोल्या, मागे ओटा. माझी मेव्हणी तिथेच संसाराला लागली आणि तिथेच तिचे केस पिकले.

साडूंचा एक जोडीदार होता. त्याचं डावं पाऊल चालताना बाहेर पडायचं. म्हणून कामावर सगळे त्याला फेंगडे म्हणत. नवीन माणसाला ते आडनावच वाटे. तो बिचारा आदराने ‘फेंगडे साहेब’ अशी हाक मारी आणि हाही गंभीर चेहऱ्याने ओ देई. साडू मात्र त्याला फेंगड्या म्हणत. तेवढा हक्क त्यांना एकट्यालाच होता.

दोघांची कामाची एक रीत होती. पहाटे ग्रीनवर दंव पडलेलं असतं. ते झाडल्याशिवाय मशीन चालवता येत नाही, ओलं गवत गोळे होऊन पात्यात अडकतं. म्हणून एकाने लांब, लवचिक छडी जमिनीलगत डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे जायचं. दुसऱ्याने हाताने ढकलायचं मशीन घेऊन मागून यायचं.

पुढे छडी, मागे मशीन. छडी फेंगड्याकडे, मशीन साडूंकडे. त्यात कधी बदल झाला नाही.

छडीचा आवाज साडूंच्या कानात मुरला होता.

सर्र... सप्. सर्र... सप्.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. कडाक्याच्या थंडीत हेच दंव गोठतं. सगळं मैदान पांढरं होतं. त्या पांढऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हा या कामातला पहिला धडा. गवताचं पातं तेव्हा काचेसारखं झालेलं असतं. पायाखाली ते आतल्या आत तुटतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. मग दोन-तीन दिवसांनी, आणि गारठा टिकला तर ऊब येऊन गवत वाढू लागल्यावर, जिथे जिथे पाऊल पडलं तिथे तिथे बुटाच्या आकाराचा काळा डाग वर येतो.

ऊन चढून पांढरं वितळेपर्यंत सगळे शेडमध्ये हात चोळत बसतात. मालक आला तरी बसतात.

फेंगड्याची यावर एक युक्ती होती. तो कुणाच्या आधी जायचा आणि दंव गोठायच्या आतच झाडून टाकायचा. गोठायला काही उरलंच नाही तर पांढरं कुठून होणार? आजूबाजूला सगळं पांढरंफेक आणि मधेच शेवटचं ग्रीन काळंभोर, ओलं, मोकळं. त्यावर लगेच मशीन घालता यायचं. क्लबमधले लोक खिडकीतून बघायचे. ते ग्रीन म्हणजे फेंगड्याचा जीव होता.

त्या हिवाळ्यात फेंगड्या गेला.

पोटाचा आजार होता. मैदान बंद असतं त्या दिवसांत तो दवाखान्यात होता. साडू रोज जायचे. एकही दिवस चुकवला नाही त्यांनी. पलंगाशेजारी स्टुलावर बसायचे. बोलायचं काय, हा दोघांनाही प्रश्न. मग मैदानाच्या गप्पा. कुठलं झाड पडलं, पंपाला काय झालं.

शेवटी शेवटी फेंगड्याने त्यांचा हात धरला आणि हसून म्हणाला, “शेवटचं ग्रीन आता तुझं. सांभाळ.”

“गप्प बस. तूच येशील कोंब फुटले की.”

“येईन ना,” तो म्हणाला. “न येऊन जातो कुठे.”

दोघंही हसले. साडूंना ते हसू शेवटपर्यंत पुरलं असतं. पण तसं व्हायचं नव्हतं.

थंडी सरू लागली तशी मैदान उघडायची तयारी सुरू झाली. उघडायच्या दिवशी मोठी स्पर्धा असते. मॅनेजर साहेबांनी साडूंना बोलावून सांगितलं, “फेंगड्यांची मुकादमाची जागा तुम्हालाच द्यायची म्हणतोय. पण शेवटचं ग्रीन स्पर्धेला तयार पाहिजे. तेवढं दाखवा.”

साडूंना जागेची हाव नव्हती. पण ते ग्रीन बिघडलं असतं तर मेलेल्या मित्राला तोंड काय दाखवायचं, ही धास्ती होती. हे त्यांचेच शब्द आहेत. मेलेल्या मित्राला तोंड दाखवायचं.

आणि नेमका त्या वर्षी गारठा हटेना. रोज पांढरं. रोज ऊन चढेपर्यंत बसून राहायचं. हवामान बघून दंव गोठायच्या आत उठणं साडूंना जमेना. ते फेंगड्याचं नाक होतं, त्यांचं नव्हतं. कामं तुंबत चालली.

मग एका पहाटे...

साडू शेडकडे निघाले होते. उजाडत होतं. सगळं मैदान पांढरं पडलेलं. झाडं पांढरी, वाट पांढरी, बाकं पांढरी.

आणि क्लबसमोर...

शेवटचं ग्रीन काळंभोर. मोकळं.

ते जागेवरच थांबले. मग कडेला जाऊन वाकले. तळवा टेकवला. ओलं होतं, पण गोठलेलं नव्हतं. गवत मऊ. छडीचे अर्धगोल पट्टे स्पष्ट दिसत होते, एकाला एक लागून.

शेडमध्ये मशीनचा मिस्त्री एकटाच होता, पाती घासत बसलेला. त्याचं आणि फेंगड्याचं हाडवैर. कुठल्याशा जुन्या भांडणावरून दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पाना हवा असला तरी साडूंच्या तोंडून मागायचे.

“मिस्त्री, ग्रीन तुम्ही झाडलंत?”

“मी?” मिस्त्री म्हणाला. “राव, मी घरचं अंगण झाडत नाही. बायको साक्ष देईल.”

“मग कोणी?”

“तुम्हीच झाडून विसरला असाल. वय झालं आता. उद्या मशीन समजून मला ढकलाल.”

साडू हसले नाहीत. दुसऱ्या कुणाला ते काम येतच नव्हतं. छडी त्यांनी तपासली. भिंतीला, जिथे असते तिथेच होती.

पण टोकाला ओली होती.

त्या दिवशी त्यांनी ग्रीनवर पाय ठेवला नाही. दोन दिवस थांबून बघितलं. काही झालं नाही. गवत टवटवीत.

पुढच्या पांढऱ्या पहाटे ते लवकर निघाले. ओट्यावरून उतरतानाच त्यांना ऐकू आलं.

सर्र... सप्.

ते थबकले.

सर्र... सप्. सर्र... सप्.

तीच लय. डावं पाऊल बाहेर पडतं म्हणून प्रत्येक दुसऱ्या फटक्याआधी एक किंचित थांबा. तो थांबा जगात दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

ते ग्रीनच्या कडेपर्यंत गेले. समोर कुणीही नव्हतं. नुसतं पांढरं गवत... आणि त्या पांढऱ्यावर एक काळा, ओला पट्टा आपोआप रुंद होत होता.

माझी तर छातीच फुटली असती. साडू म्हणाले, भीती वाटलीच नाही.

“आलास का रे?” त्यांनी विचारलं.

आवाज थांबला.

सगळीकडे शांत. पाखरूही नाही.

मग पुन्हा... सर्र... सप्.

साडू मागे फिरले, शेडमधून मशीन काढलं आणि त्या आवाजाच्या मागे लागले. जशी रीत होती तशी. पुढे छडी, मागे मशीन. तळवा टेकवून बघायला मात्र ते चुकले नाहीत. ओलं, मऊ, मोकळं. गोठल्याची खूणसुद्धा नाही.

घरी येऊन त्यांनी मेव्हणीला सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिच्या हातून वाटी निसटली.

“अहो, मेलेल्या माणसाच्या हाताचं काम घेऊ नये.”

“परका आहे का तो?”

“परका नव्हता तेव्हा नव्हता. आता कुठला आहे ते तुम्हाला माहीत आहे का?”

“मला मदत करायला येतोय तो. जाताना म्हणाला होता, येईन.”

“आणि तोंडाने काही बोलतो का?”

“जिवंत असताना तरी कुठे बोलायचा?”

मेव्हणीने वाटी उचलून पुन्हा विसळायला घेतली. पण त्या दिवसापासून पहाटे मागचं दार ती स्वतः लावून घ्यायची आणि उजाडल्याशिवाय ओट्यावर यायची नाही.

साडू मात्र त्या दिवसांत सुखात होते. मिस्त्री म्हणायचा, “काय राव, नवरदेवासारखे कामावर येताय.” प्रत्येक पांढऱ्या पहाटे आवाज पुढे आणि ते मागे. जाता जाता ते त्याच्याशी बोलायचे. तुझ्या घरी वहिनी बऱ्या आहेत. तुझा कोट तुझ्या मुलीने ठेवून घेतलाय. मॅनेजरने चष्मा बदललाय, आता अजूनच घुबड दिसतो. आयुष्यभर जे बोलले नव्हते ते सगळं त्या आठवड्यांत बोलून झालं. पुढून उत्तर यायचं नाही. फक्त छडी चालायची.

एकदा ते थकून मधेच थांबले. आवाजही थांबला. त्यांना वाटलं, माझ्यासाठी थांबलाय.

बाकी सगळ्या मैदानाची कामं मागे पडली होती, पण शेवटचं ग्रीन आरशासारखं झालं. मॅनेजर साहेब खिडकीतून बघून हात हलवू लागले. उघडायचा दिवस तोंडावर आला.

मग हवा बदलली. एका दुपारी ऊब आली, गवताने एकदम उभारी धरली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी...

मॅनेजर साहेबांनी साडूंना ग्रीनवर बोलावलं. हाक कोरडी होती.

ग्रीनभर काळी पावलं उमटली होती.

एक-दोन नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीने, आणि वळून पुन्हा ओळीने. मशीन ढकलत माणूस जसा जाईल तशी. गवत मुळापर्यंत जळालेलं. टाचेची नक्षीसुद्धा ओळखू येत होती.

मॅनेजर साहेबांनी साडूंच्या पायांकडे बघितलं.

“उचला जरा पाय.”

साडूंनी बूट उचलला. तळाला टाचेपाशी एक कोपरा तुटलेला होता. डागातही तोच कोपरा तुटलेला.

“पांढऱ्यावर मशीन घातलंत?” मॅनेजर हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “तुम्ही? नवख्या पोराने केलं असतं तर समजलो असतो.”

“साहेब, पांढरं नव्हतं. झाडलेलं होतं. मी हात लावून बघत होतो रोज.”

“कोणी झाडलं होतं?”

साडूंनी उचललेला बूट खाली टेकवला.

मिस्त्री बाजूला उभा होता. त्याने डोकं खाजवलं. “साहेब, एक गंमत आहे. मशीनखालचा लोखंडी रूळ माणसापेक्षा जड. पांढऱ्यावर चालवलं तर रुळाचा पट्टाही जळायला पाहिजे. इथे नुसती पावलं जळलीत.”

“रूळ वजन पसरवतो,” मॅनेजर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. “स्पर्धेचा शेवट दुसऱ्या ग्रीनवर घेऊ. उद्यापासून हे ग्रीन मिस्त्री बघतील. तुम्ही शेडमध्ये बसा.”

ते गेले. साडू तसेच उभे राहिले.

मिस्त्री मात्र खाली बघत होता. बराच वेळ. त्याच्या चेहऱ्यावरची नेहमीची थट्टा उतरली होती.

“राव,” तो म्हणाला, “ही हिरवी कसली?”

तेव्हा साडूंना दिसलं.

काळ्या पावलांच्या समोर, प्रत्येक ओळीत, आणखी एका माणसाची पावलं होती. ती जळलेली नव्हती. उलट तिथलं गवत आजूबाजूपेक्षा दाट, गर्द हिरवं, तरारलेलं. जणू रोज कुणी तेवढ्याच जागेला खतपाणी घातलं होतं.

त्यातलं डावं पाऊल बाहेर पडलेलं होतं.

मिस्त्रीने ते ओळखलं. तो शेडकडे चालू लागला. त्याच्या हातातला पाना ग्रीनच्या कडेलाच पडून राहिला.

साडू वाकून बघत राहिले. काहीतरी चुकत होतं. काय ते लगेच कळेना. मग कळलं.

हिरव्या पावलांची बोटं त्यांच्या दिशेला होती.

फेंगड्या पुढे बघून चालत नव्हता. तो उलटा चालत होता. तोंड साडूंकडे करून. रोज. ओळीमागून ओळ. ते बोलत होते, हसत होते, वहिनींची खुशाली सांगत होते... आणि तो हाताच्या अंतरावर समोर उभा राहून, मागे मागे सरकत, त्यांचं प्रत्येक पाऊल पडताना बघत होता.

साडू घरी आले. जेवले नाहीत. मेव्हणीने विचारलं नाही. तिला त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं.

संध्याकाळी ते फेंगड्याच्या घरी गेले. वहिनी कपड्यांना इस्त्री करत होत्या. एकटीच बाई, एकट्या बाईचे थोडेसे कपडे.

“या भावजी. चहा टाकते.”

“नको वहिनी. एक विचारायचं होतं.”

“विचारा की.”

“त्याच्या मनात माझ्याबद्दल काही होतं का?”

वहिनींनी इस्त्री उभी केली. उत्तर द्यायला वेळ घेतला. तेवढ्या वेळातच साडूंना कळायचं ते कळलं.

“कशाला उकरून काढता? माणूस गेला.”

“गेला असता तर विचारलं नसतं.”

वहिनींनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. त्या घाबरल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, एवढंच.

“तुम्ही रोज यायचात दवाखान्यात,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासमोर हसायचे. तुम्ही गेलात की भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत माझ्या हातचं, बराच वेळ. मी एकदा रागावले. म्हटलं, एवढं भावासारखं माणूस रोज येतं, आणि तुम्हाला झालंय काय?”

“मग?”

“राहू द्या ना भावजी.”

“वहिनी.”

वहिनींनी इस्त्रीची वायर हातात गुंडाळायला घेतली. डोळे वायरीवर.

“म्हणाले, तो मला भेटायला येत नाही. मी किती उरलोय ते बघायला येतो.”

साडूंना घरी कसे आलो ते आठवत नाही.

मला हे सांगताना ते इथे थांबले होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आजारात माणसाचं मन फिरतं, वगैरे. पण ते मला पोकळ वाटलं आणि मी बोललो नाही.

साडू म्हणाले, “त्याने मला तोंडावर सांगितलं असतं, उद्यापासून येऊ नको, तर मी गेलो नसतो हो. स्टूल टोचायचं मला. पाठ धरायची. तरी जायचो.”

पुढचं आणखी वाईट आहे.

मिस्त्रीने जळलेला भाग कापून काढला, दुसरीकडचं गवत आणून बसवलं. आता ग्रीन त्याचं. थंडीचा शेवटचा फेरा अजून बाकी होता. पुन्हा एक पांढरी पहाट आली. साडू शेडमध्ये पाती घासत होते, मिस्त्रीच्या जागेवर, मिस्त्रीच्या स्टुलावर. मिस्त्री धापा टाकत आत आला.

“राव... ग्रीन मोकळं आहे.”

“पाऊल टाकू नका,” साडू म्हणाले. “मिस्त्री, तुमच्या पाया पडतो, पाऊल टाकू नका. तुमच्याशी तर त्याचं उभं वैर होतं.”

“मी नाही टाकत. मला काय वेड लागलंय?”

पण खिडकीतून मॅनेजर साहेबांनी मोकळं ग्रीन बघितलं होतं. ते खाली आले. स्वतः वाकून हात लावला. ओलं, मऊ. “मिस्त्री, वाट कसली बघताय? ग्रीन तयार आहे.” पुढे वाद घालायची सोय नव्हती.

मिस्त्रीने मशीन काढलं. रडकुंडीला येऊन त्याने साडूंकडे बघितलं आणि ग्रीनवर पाय ठेवला.

साडू शेडच्या दारात उभे होते. त्यांना ऐकू येत होतं. मिस्त्रीला येत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

सर्र... सप्. सर्र... सप्.

दोघांनी दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलं आणि दोघंही मोजत राहिले. ऊब आली. गवत वाढलं.

एकही डाग उठला नाही.

ना काळा, ना हिरवा. पुढच्या पांढऱ्या पहाटेनंतरही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिस्त्रीचे बूट तर साडूंच्या बुटांपेक्षा जड. त्याला ग्रीन कापायची धड सवय नाही, ओळी वाकड्या जायच्या. तरीही ग्रीन नव्या नवरीसारखं दिसू लागलं. मैदान उघडलं. लोक वाहवा करत राहिले. मिस्त्रीला त्याची लाज वाटायची. तो साडूंची नजर टाळू लागला.

म्हणजे जो माणूस वर्षानुवर्षं फेंगड्याशी बोलला नाही, जो त्याला बघायला दवाखान्याची पायरी चढला नाही, त्याला त्याने सांभाळून घेतलं.

ग्रीनवर कुणी पाय टाकला, याचा राग नव्हताच तो. राग होता तो एकट्या साडूंवर.

त्या मोसमातल्या शेवटच्या गारठ्याला साडूंना राहवलं नाही. उजाडलं होतं, सूर्य झाडांच्या वर येत होता. मिस्त्री ग्रीनवर मशीन ढकलत होता. त्याच्या पुढे, रिकाम्या हवेत, छडीचा आवाज चालला होता. साडू ग्रीनच्या कडेला जाऊन उभे राहिले. मोकळ्या गवताच्या अलीकडे. पाय न टाकता.

“फेंगड्या,” ते म्हणाले.

छडी थांबली.

“मी तुला भेटायला यायचो रे. तेवढ्यासाठीच यायचो.”

मिस्त्री मशीन थांबवून बघत राहिला. मैदानावर कुठेही आवाज नव्हता. साडूंच्या तोंडातून वाफ निघत होती. आणि...

त्यांच्या समोर, ग्रीनच्या कडेला, हाताच्या अंतरावर, दुसरी एक वाफ हवेत उमटली. विरली. पुन्हा उमटली.

कुणीतरी अगदी जवळ उभं राहून त्यांच्याकडे बघत होतं.

साडूंनी हात पुढे केला.

वाफ विरली ती पुन्हा उमटली नाही.

मग लांबून, मिस्त्रीच्या पुढून, आवाज सुरू झाला. सर्र... सप्. मिस्त्री म्हणाला, “नका बोलू राव त्याच्याशी. जा आत, गारठून जाल.” आणि त्याने मशीन पुढे ढकललं.

या गोष्टीचा अर्थ मला लागलेला नाही. मेलेल्या माणसाचा गैरसमज कोणी आणि कसा दूर करायचा, हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नाही.

साडू अजून तिथेच आहेत. शेडमध्ये पाती घासतात. त्या कामाला पहाटे उठायची गरज नसते. पण गारठा पडला की ते उठतात. दिवा न लावता मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहतात. बाहेर सगळं मैदान पांढरं, आणि मधे एक काळा, मोकळा तुकडा.

मेव्हणीला जाग येते. ती अंथरुणातूनच हळू आवाजात विचारते, “आलाय का?”

“आलाय.”

ते काचेवरची वाफ तळव्याने पुसतात. मग म्हणतात,

“माझ्याकडे नाही.”